वरदा नदी ही सीमा कोणाची?

वर्धा जिल्हा वऱ्हाडांत मोडतो कीं नाहीं, हा प्रश्न या भागांतील पोथीसंग्राहकांत वारंवार निघतो आणि बहुधा निर्णयावांचूनच मिटतो. अमरावतीकडील मंडळी वऱ्हाडची हद्द वर्धा नदीच्या पाण्याशीं थांबवितात. नागपूरकडील मंडळी नदीच्या पूर्वेकडील मुलूख नागपूर प्रांताचा म्हणून आपल्याकडे ओढतात. आर्वीकडील वृद्ध गृहस्थांस मात्र आपली बोली वऱ्हाडीच वाटते. ‘विदर्भ’ हें नांव आज उभय तीरांस लागू असून महाराष्ट्राच्या अकरा जिल्ह्यांचें तें वाचक आहे. या वादांत पडण्यापूर्वीं जुनीं साधनें काय सांगतात, हें पाहणें अवश्य आहे.

प्रथम कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ घेऊं. त्याच्या पांचव्या अंकांत राजा अग्निमित्र विदर्भाचें राज्य यज्ञसेन व माधवसेन या चुलतभावांत वांटून देतो आणि वरदा नदी मध्यें ठेवून एकास उत्तर तीर व दुसऱ्यास दक्षिण तीर नेमितो. नदीस देशसीमा मानणारे या प्रसंगाचा मोठा आधार घेतात. परंतु तो नीट पाहिल्यास त्यांच्या विरुद्धच पडतो. नदीनें तेथें दोन राजे वेगळे केले, दोन देश नव्हेत. उभय तीरांवरील भूमि विदर्भच आहे. परंपरेनें विदर्भाची राजधानी मानिलेलें कुंडिनपूर, म्हणजे अमरावती जिल्ह्यांतील कौंडण्यपूर, हें तर नदीच्या कांठींच वसलेलें असून समोर आर्वी तालुका आहे.

वाकाटकांच्या ताम्रपटांवरूनही हेंच निष्पन्न होतें. पांचव्या शतकांतील दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मक येथील ताम्रपट प्रवरपुराहून दिलेला आहे. दान दिलेलें चर्मांक गांव मात्र भोजकट राज्यांत, म्हणजे नदीच्या पश्चिमेस आजच्या अचलपुराच्या बाजूस आहे. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळील पवनार, असें वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें. मनसर येथील उत्खननानंतर कांहीं संशोधक मनसरचा पक्ष घेतात. तो वाद कसाही सुटो, हीं दोन्ही स्थळें वरदेच्या पूर्वेस आहेत. पूर्वतीरावरील राजा पश्चिमतीरावरील भूमि दान देत होता. मध्यें नदी आड आली नाहीं.

पुढें मोगली अमदानींत पाहावें, तों अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’मध्यें पवनार हें वऱ्हाड सुभ्याचें एक सरकार म्हणून नोंदिलेलें आढळतें. अर्थात् सोळाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी दप्तरांत वऱ्हाड नदी ओलांडून पूर्वेस आलेला होता.

मग नदी ही हद्द झाली केव्हां? याचें उत्तर तहनाम्यांत आहे. १७ डिसेंबर १८०३ रोजीं झालेल्या देवगांवच्या तहानें दुसऱ्या रघूजी भोसल्यास वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला व तो निजामाकडे गेला. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आला. पुढील वर्षीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला आणि १८६२ सालीं नागपुरांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताच्याच कारभाराखालीं आल्यावर नदी दोन प्रांतांमधील हद्द उरली नाहीं. म्हणजे ज्या सीमेस लोक अनादि समजतात, ती या रूपांत अवघीं शंभर वर्षें नांदली. तथापि शंभर वर्षांचें दप्तर, कायदे व न्यायकचेऱ्या यांनीं उभय तीरांच्या लोकांस एकमेकांचे परके करण्यास तो काळ पुरेसा झाला.

देवळी येथें सांपडलेला राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शक ८६२ चा ताम्रपट या बाबतींत बोधप्रद आहे. त्यांत नागपुर-नंदिवर्धन विषयांतील तालपुरुंषक या गांवाचें दान असून गांवाच्या चारही दिशांच्या सीमा सांगितल्या आहेत. दक्षिणेस कन्हना नदी आहे. विषयाचें मात्र केवळ नांव दिलें आहे. ज्या भूमीचें उत्पन्न कोणास तरी मिळावयाचें तिच्या सीमा लेखकानें मोजून लिहिल्या, आणि जो प्रदेश सर्वांस ठाऊकच होता त्याचें नांव घेऊन तो थांबला. शिवाय ताम्रपट मिळाला देवळीस, आणि गांव कन्हानेच्या कांठीं! सांपडल्याचें स्थळ तेंच लेखाचें स्थळ, असें मानणाऱ्यानें हा दाखला विसरूं नये.

येथें आम्हांस आमचा एक प्रमाद कबूल केला पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वीं वर्धा जिल्ह्यांतील एका घरच्या पोथ्यांची यादी करितांना एका पोथीच्या समाप्तिलेखांत ‘वऱ्हाड’ असें देशनाम आढळलें. लेखकाचें गांव नदीच्या पूर्वेकडील असल्यामुळें ही त्याची चूक असें समजून आम्हीं यादींत ‘नागपूर प्रांत’ असें लिहिलें, आणि मूळ शब्द नोंदविलाच नाहीं. पुढें ती पोथी घरच्या वांटणींत कोठें गेली, याचा पत्ता लागला नाहीं. पवनारास वऱ्हाडांत धरणाऱ्या काळाचा एक साक्षीदार आम्हीं १८०३ च्या तहानें गप्प केला.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, पोथीवर, सनदेवर अथवा पटावर जें देशनाम असेल तें अक्षरशः उतरून घ्यावें. त्यापुढें वस्तु सांपडल्याचें गांव व तालुका निराळा लिहावा. आणि लेखाचा काळ कळत असल्यास तोही द्यावा. आजचा जिल्हा अथवा प्रांत जुन्या शब्दाच्या जागीं घालूं नये. वर्धा जिल्हा वऱ्हाडांत आहे काय, या प्रश्नास कोणत्या वर्षींचें उत्तर हवें, असें आधीं विचारावें लागतें. अशा शंभर समाप्तिलेखांतील देशनामें कालानुक्रमानें एकत्र आलीं, तर वऱ्हाडची हद्द केव्हां कोठवर होती हें आमच्या मतांवांचूनही ठरेल.