पदवी आणि तालीम : चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कसा घडत आला



या व्यासपीठावर काव्य, संगीत किंवा शिंदेशाहीचा इतिहास ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज मी जरा वेगळा विषय घेतला, त्याचे कारण घरगुती आहे. अलीकडे आपल्या घरांतली मुले-मुली मानसशास्त्र घेऊन एम.ए. होऊ लागली आहेत. निकाल लागला की आईवडील विचारतात, "आता दारावर पाटी लावता येईल ना?" मुलगी सांगते, "नाही. अजून दोन वर्षे शिकावे लागेल, तेही प्रवेश मिळाला तर." हे आईवडिलांच्या गळी उतरत नाही. पाच वर्षे शिकली, पदवी हातात आली, मग हे आणखी काय? ही दोन वर्षे कोठून आली आणि त्यांच्याशी आपल्या ग्वाल्हेरचा काय संबंध आहे, एवढेच आज सांगणार आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकाचा पदवीधर असतो, तो औषध लिहून देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्याला आपण सर्रास क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, तो औषध देत नाही. तो चाचण्या घेऊन निदानाला मदत करतो, रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी आठवडेच्या आठवडे पद्धतशीर बोलतो, आणि त्या बोलण्यातून उपचार करतो. बोलणे हेच ज्याचे औषध, त्याला ते बोलणे शिकवायचे कसे, हा या विद्येच्या इतिहासातला मुख्य प्रश्न आहे.

पूर्वी हा प्रश्न कोणाला पडलाच नाही, कारण रुग्णाशी बोलायचे असते हेच कोणाला वाटत नव्हते. आपल्या जुन्या वाड्यांतून "त्याचे डोके जरा फिरले आहे" एवढे बोलून विषय संपत असे. त्या माणसाचे ताट मागच्या खोलीत जाई आणि लग्नाच्या बोलणीत त्याचे नाव निघत नसे. सरकारची रीत याहून फार निराळी नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी 'लुनसी अ‍ॅक्ट' होते, आणि वेड्यांची इस्पितळे बांधणीने व शिस्तीने तुरुंगांच्या जवळची होती. तिथे पहारेकरी होते, पुढे डॉक्टर आले, पण रुग्णाचे म्हणणे बसून ऐकणारा माणूस बराच काळ आला नाही.

तो माणूस आला शाळेच्या वाटेने. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी १८९६ साली पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले, ते अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांसाठी. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यातच मनोविश्लेषकांची संस्था स्थापन केली. मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा १९३६ मध्ये निघाली आणि लगेच पुढच्या वर्षी तिने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले.

या वाटेवर मराठी मुलखाचा एक मोठा वाटा आहे आणि तो आपण विसरलो आहोत. बुद्धिमापनाच्या परदेशी चाचण्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी होत्या. धारवाड-बेळगाव भागात काम करणाऱ्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या चाचणीची मराठी आणि कानडी मुलांसाठी नवी मांडणी केली. १९४० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. 'बिने-कामत' हे नाव आजही देशभरातल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. पुढे नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रात ए. जे. मॅलिन यांनी वेक्सलर यांची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. मूल मठ्ठ आहे की त्याला प्रश्नाची भाषाच कळली नाही, हा भेद या मंडळींनी गंभीरपणे घेतला. ज्या मुलांना मंद म्हणून शाळेतून काढून घरी बसवले असते, अशा किती मुलांची शाळा या चाचण्यांमुळे टिकली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या, आणि खाटांपेक्षाही टंचाई होती ती शिकलेल्या माणसांची. त्याच अहवालाच्या विचारातून बंगळूरला म्हैसूर सरकारच्या मनोरुग्णालयाला जोडून १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी. १९५५ मध्ये तिथे मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'मेडिकल सायकॉलॉजी'ची दोन वर्षांची पदविका सुरू झाली. आपल्या मुलीची ती दोन वर्षे इथून सुरू होतात. पुढे १९७४ मध्ये ही संस्था आणि मनोरुग्णालय एकत्र होऊन 'निम्हान्स' झाले. रांचीच्या केंद्रीय मनोविकार संस्थेतही १९६२ पासून असेच शिक्षण सुरू झाले. पदविकेचे नाव बदलत बदलत शेवटी एम.फिल. झाले, पण मुदत दोनच वर्षे राहिली.

या दोन वर्षांत होते काय, हे सांगताना मला ग्वाल्हेरकरांना दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वासुदेवबुवा जोशींच्या पाठोपाठ आपल्या गावात आले, गुरुगृही राहिले, आणि तालीम घेऊन ख्यालगायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांना चिजा लिहून घेऊन परत जाता आले असते. पण गळ्यावर चढायला गुरूसमोर बसावे लागते, चुकावे लागते, आणि चूक त्याच क्षणी दाखवणारा समोर असावा लागतो. एम.फिल.ची दोन वर्षे ही अशीच तालीम आहे. सकाळी विद्यार्थी वॉर्डात जातो. रुग्णाची हकिगत त्याच्याकडून आणि घरच्यांकडून घेतो. ती लिहून गुरूपुढे मांडतो. गुरू विचारतो, "तो रडला तेव्हा तू काय केलेस? तू विषय का बदललास?" कारण नवशिक्या विद्यार्थी रुग्णाच्या दुःखाला भितो आणि नकळत विषय बदलतो. पुस्तकात हे वाचून कोणी सुधारत नाही. त्याच्या पुढच्या बैठकीवर कोणाची तरी नजर असावी लागते. मज्जासंस्था, संख्याशास्त्र, मनोविकारांचे वर्गीकरण, वर्तनोपचार हे सारे विषय असतातच, शिवाय शेवटी प्रबंध. पण कस लागतो तो या बैठकांत.

आपल्याच गावात १९१८ साली माधवराव महाराजांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालय निघाले, तेव्हा वाद झाला होता : वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांनी गाणे येते का? उत्तर आजही एका वाक्यात देता येत नाही. शाळेमुळे विद्या अनेकांपर्यंत पोचते, आणि गुरूवाचून ती पक्की होत नाही. मानसोपचाराच्या विद्येत हाच पेच आहे, फक्त इथे बेसूर झाले तर मैफल बिघडत नाही, माणूस बिघडतो.

आता ग्वाल्हेरचा दुसरा, कमी अभिमानाचा संबंध सांगायला हवा. आपली मानसिक आरोग्यशाळा. तिच्या अवस्थेबद्दल १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. न्यायालयाच्या विधिसाहाय्य समितीने मध्य प्रदेश राज्याविरुद्ध ती केली होती. रांचीचे प्रकरण १९८६ पासूनच चालू होते. ११ नोव्हेंबर १९९७ रोजी न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन रुग्णालयांच्या कारभारावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष ठेवावे असे सांगितले. देशाच्या कायद्याच्या ग्रंथांत ग्वाल्हेरचे नाव किल्ल्यामुळे नाही तर या आरोग्यशाळेमुळे आले. आयोगाने पुढे निम्हान्सच्या मदतीने देशातील सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल काढला. भिंती तुरुंगासारख्या आणि माणसे अपुरी, असे त्यातले चित्र आहे. भिंत पाडायला पैसे पुरतात. शिकलेला माणूस तयार करायला मात्र वर्षे लागतात.

माणूस तयार झाला की त्याची ओळख पटवायला कायदा लागतो. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी या परिषदेकडे आली. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, असे त्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर व्याख्याच लिहून ठेवली. पुनर्वास परिषदेने मान्य केलेली पात्रता हवी. किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखालचे चिकित्सालयीन प्रशिक्षण आलेच पाहिजे. 'देखरेखीखालचे' हा कायद्यातला शब्द आहे. बुवांच्या भाषेत तालीम. म्हणून केवळ एम.ए.वर पाटी लावता येत नाही, आणि आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे.

गरज किती आहे तेही पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती, त्यांत आपले मध्य प्रदेश होते. केरळात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ १.२ निघाले, आपल्या राज्यात ०.०५. म्हणजे वीस लाख माणसांना एक. डॉक्टरांची ही कथा असेल, तर त्यांच्या शेजारी बसून ऐकणाऱ्याची कथा वेगळी सांगायला नको. भिंड, मुरैना, शिवपुरीहून लोक ग्वाल्हेरला येतात. त्यांच्याशी पुस्तकी हिंदीत बोलून भागत नाही, आणि आपल्या घरातली आजी 'मला कसेसेच होते' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ मराठी कळणाऱ्यालाच लागतो. कामतांनी मुलांच्या चाचणीत जे ओळखले, ते मोठ्यांच्या दुःखालाही लागू आहे.

अशा वेळी एम.फिल. ही पदवीच आता जात आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ती बंद केली. या शाखेपुरती सवलत देऊन २०२५-२६ पर्यंत प्रवेश चालू ठेवले गेले, आणि पुनर्वास परिषदेने चिकित्सालयीन मानसशास्त्राचे नवे पदवी व एम.ए. अभ्यासक्रम आखले. पदवीचे नाव बदलल्याने विद्या बुडत नाही, पदविकेचे एम.फिल. झाले तेव्हाही ती बुडाली नव्हती. धोका दुसरा आहे. जागा वाढवताना वॉर्डातले तास आणि गुरूची नजर कमी झाली, तर आपण कागदावर माणसे वाढवू आणि रुग्णासमोर पूर्वीइतकेच एकटे पाठवू. नव्या अभ्यासक्रमात मूल घालताना शुल्क आणि वसतिगृह याआधी एक प्रश्न विचारा : रुग्ण किती पाहायला मिळतील, आणि देखरेखीला कोण असेल?

आणि त्या मुलीला ती दोन वर्षे द्या. आपल्या पूर्वजांनी गाणे शिकायला आलेल्या परगावच्या मुलांना वर्षानुवर्षे घरात ठेवून जेवू घातले, कारण विद्येला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होते. तेवढे धैर्य आपल्याच लेकीसाठी दाखवणे फार नाही. ती शिकून परत येईल तेव्हा तिच्याकडे पहिला रुग्ण कदाचित आपल्याच नात्यातला असेल, इतकी वर्षे मागच्या खोलीत बसलेला. त्याला पुढच्या खोलीत आणून बसवण्याचे काम मात्र तिचे नाही. ते आपले आहे.