स्तन्यवर्धक द्रव्यें : ग्रंथांतील व घरांतील

बाळंतिणीस दूध यावें म्हणून अहाळिवाची खीर, मेथीचे व डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि शतावरी देण्याची चाल महाराष्ट्रांत आहे. हीं सर्व द्रव्यें चरक-सुश्रुतांपासून चालत आलीं, असें सर्रास सांगण्यांत येतें. हें विधान मूळ ग्रंथांशीं ताडून पाहतां कितपत टिकतें, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, चवथ्या अध्यायांत, स्तन्यजनन म्हणून दहा द्रव्यें गणिलीं आहेत. वीरण म्हणजे वाळा, शालि, षष्टिक, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश, गुंद्रा, इत्कट व कत्तृण यांचीं तीं मुळें होत. यादी मुख्यतः तृणांची आहे. तींत अहाळीव नाहीं, मेथी नाहीं आणि शतावरीहि नाहीं. लगेच पुढें स्तन्यशोधन द्रव्यांचा निराळा गण दिला आहे. त्यांत पाठा, सुंठ, देवदार, मुस्ता, गुळवेल इत्यादि येतात. दूध वाढविणें आणि दूध शुद्ध करणें हीं दोन कार्यें ग्रंथकारानें वेगळीं मानिलीं, हें ध्यानांत ठेवावें.

सुश्रुताच्या शारीरस्थानांतील दहाव्या अध्यायांत शतावरी सांपडते. तेथें क्रोध, शोक व अवात्सल्य यांनीं स्तन्य नष्ट होतें असें सांगून, प्रथम मातेचें मन प्रसन्न करावें आणि मग यव, गहूं, साळी, मांसरस, सुरा, मत्स्य, लसूण, शिंगाडा, विदारीकंद, ज्येष्ठमध, शतावरी इत्यादि द्यावें, असा क्रम आहे. सुश्रुताचा दाखला देणारे सुरा व मत्स्य गाळतात, त्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. परंतु मनःप्रसन्नतेची पहिली पायरीहि गाळतात, हें मात्र खेदाचें आहे.

नेपाळांत मिळालेल्या खंडित पोथीवरून काश्यपसंहिता १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत छापली गेली. तिच्या कल्पस्थानांत शतपुष्पा व शतावरी यांचा स्वतंत्र अध्याय आहे. शतपुष्पा म्हणजे शेपू मानल्यास बाळंतशेपेचें मूळहि जुनें ठरतें.

अहाळीव व मेथी यांची गोष्ट निराळी. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत हीं दोन्ही, काळें जिरें व ओंवा यांसह, 'चतुर्बीज' या नांवानें एकत्र येतात. पण तेथें त्या योगाचें कार्य वातविकार, अजीर्ण, शूल व कंबरदुखी यांवर सांगितलें आहे. अहाळिवास बलपुष्टिकर म्हटलें आहे. यावरून आमचें अनुमान असें कीं, हीं बीजें बाळंतिणीच्या आहारांत वात व अशक्तता यांसाठीं शिरलीं असावींत, आणि दूध वाढविण्याचा गुण त्यांस मागाहून चिकटला असावा. हें अनुमानच होय. विरुद्ध पुरावा मिळाल्यास आम्ही तें आनंदानें सोडूं.

तात्पर्य, ही परंपरा एकजिनसी नसून थराथरांची आहे. शिवाय प्राचीनत्व हें गुणाचें प्रमाण नव्हे. अंगावर पाजणाऱ्या मातेनें चूर्ण घ्यावें कीं नाहीं, हें वैद्य-डॉक्टरांनीं ठरवावें; पोथीनें नव्हे.

मधले दुवे कोठें मिळतील? आमच्या मतें घरगुती बाडांत व मोडी चिठ्ठ्यांत. संग्राहक सनदा व वंशावळी जपतात. औषधांचीं टांचणें मात्र किरकोळ म्हणून रद्दींत जातात. आज्यांनीं सांगितलेलें कोणीं एकानें कधीं उतरून ठेविलें असेल, तर तें त्या कागदांतच. असा कागद हातीं आल्यास तो टाकूं नये, त्यावरील द्रव्य, प्रमाण व गांव टिपून ठेवावें, एवढीच वाचकांस विनंती आहे.