मुंदडा प्रकरण आणि लेखी आदेशाची परंपरा

स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय प्रशासनाचा विचार करताना १९५७-५८ च्या मुंदडा प्रकरणाकडे केवळ एका अर्थमंत्र्याच्या राजीनाम्याची घटना म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तथापि मंत्री, सचिव आणि स्वायत्त महामंडळ यांच्यातील व्यवहार कोणत्या भाषेत व कोणत्या स्वरूपात व्हावा, हा प्रश्न या प्रकरणाने ऐरणीवर आणला. त्याचे महत्त्व मुख्यतः यातच आहे.

चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्याचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत होते. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. गुंतवणूक समितीचा सल्ला मात्र घेतला नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत हा विषय उपस्थित केला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांची चौकशीसाठी नेमणूक झाली. मुंबईत झालेल्या जाहीर सुनावणीत एक विलक्षण गोष्ट उघड झाली. या व्यवहाराला मंत्र्यांची संमती होती, असे अर्थखात्याचे मुख्य सचिव ह. म. पटेल सांगत होते, मंत्री टी. टी. कृष्णम्माचारी ते नाकारीत होते. जे घडले ते तोंडी घडले होते. कागद मूक होता. छागलांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये अहवाल दिला आणि त्याच महिन्यात कृष्णम्माचारी पायउतार झाले.

छागलांनी घालून दिलेल्या तत्त्वांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. हाताखालील अधिकाऱ्यांच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्याने स्वीकारली पाहिजे, हे पहिले. शासनाने स्वायत्त महामंडळाच्या कारभारात हस्तक्षेप करू नये आणि करावयाचाच असेल तर लेखी निदेश देण्याची जबाबदारी टाळू नये, हे दुसरे. आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सार्वजनिक हिताच्या धोरणविषयक बाबींत केंद्र शासनाने महामंडळाला लेखी निदेश द्यावेत, ही तरतूद १९५६ च्या अधिनियमाच्या २१ व्या कलमात आधीपासूनच होती. उणीव नियमाची नव्हती, नियम पाळण्याची होती.

परंतु पुढील काळात उपाय शोधला गेला तो प्रामुख्याने नियमांच्या वाढीत. १९६२ मध्ये नेमलेल्या संथानम समितीने १९६४ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला आणि केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम नव्याने लागू झाले. वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि तोंडी असल्यास मागाहून लेखी दुजोरा मिळवावा, हे तत्त्व त्यांत रूढ झाले. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही ते आढळते. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला. यांपैकी प्रत्येक उपाय स्वतंत्रपणे पाहता समर्थनीयच ठरतो. पण संथानम समितीनेच असे नमूद केले होते की, लाच पुष्कळदा अवैध लाभासाठी नव्हे, तर कागद लवकर हलावा म्हणून दिली जाते. मग प्रत्येक टिप्पणीवर आणखी एक स्वाक्षरी आवश्यक करणारी सावधगिरी त्याच रोगाला खतपाणी घालते, हे उघड आहे.

शासकीय मराठीतही या वृत्तीला सोयीची रचना आहे. 'मी निर्णय घेतला' असे टिप्पणीत सहसा येत नाही. 'निर्णय घेण्यात आला' असे येते. ही कर्ताहीन रचना या प्रकरणामुळे निर्माण झाली, असे म्हणता येणार नाही. परंतु जबाबदारी निश्चित करण्यासाठी सुरू झालेला लेखी व्यवहार अशा वाक्यांतून चालतो, तेव्हा कागद उरतो आणि कर्ता हरवतो.

या इतिहासाची परिणती महाराष्ट्राच्या २००५ च्या अधिनियमात दिसते. बदल्यांच्या विनियमनाबरोबरच शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणे हाही त्याचा हेतू आहे. सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे तो सांगतो. नियमांच्या थरांतून वाढलेला विलंब आवरण्यासाठीही अखेर नियमच करावा लागला. छागलांना अभिप्रेत असलेला लेखी आदेश हा आदेश देणाऱ्याला बांधून घेणारा होता. व्यवहारात तो आदेश पाळणाऱ्याचे कवच झाला. हा फरक लक्षात घेतल्याखेरीज नियमांच्या संख्येवरून प्रशासनाच्या शुचितेचे मोजमाप करणे अनैतिहासिक ठरेल.