सरपणाआधी झाडाची ओळख: पाने नसलेली झाडे कशी ओळखावीत

कतारगाम, वेड, डभोली भागातील आपल्या बहुतेक घरांत आज गॅस आहे. तरीही सरपणाशी आपला संबंध तुटलेला नाही. होळीला लाकूड लागते, भंडाऱ्याच्या मोठ्या चुलीला लागते. सुट्टीत नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे गावी गेलो की लग्नघरच्या चुलीसाठीही लागते.

हे लाकूड बहुधा माघ-फाल्गुनात गोळा केले जाते. नेमक्या त्याच दिवसांत खानदेशातली आणि डांगमधली पुष्कळ झाडे पाने गाळून उभी असतात. पान नसले की ओळख पटत नाही, आणि वाळके समजून जिवंत झाडावर कुऱ्हाड पडते. म्हणून नियम एकच: झाडाचे नाव कळल्याशिवाय ते तोडायचे नाही.

वाळलेले आहे की पानगळीचे?

बारीक फांदीची साल चाकूने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे. वाळकी फांदी वाकवताच कट्कन मोडते, जिवंत फांदी लवते. एकाच फांदीवरून निर्णय करू नये, दोन-तीन बाजूंनी पाहावे. खरवडताना चीक आला तर त्याला हात लावू नये आणि तिथेच थांबावे.

पान नसताना काय पाहावे?

आधी झाडाच्या पायाशी पाहावे. गळलेली पाने, शेंगा, बिया, फुले तिथे पडलेली असतात. शेजारच्या झाडाचा पाचोळा वाऱ्याने आलेला नाही ना, एवढी खात्री करावी. मग खोडाची साल, काटे, फांद्यांची टोके आणि चीक किंवा डिंक पाहावा.

*साग:* खाली मोठी, खरखरीत वाळकी पाने. कोवळी फांदी चौकोनी. कोवळे पान चोळले तर बोटे लाल होतात.

*मोह:* साल काळपट, उभ्या भेगांची. फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे झुबके. पाने नसतानाच फुलतो आणि पहाटे खाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो. आदिवासी घरांत ही फुले वेचून वाळवून ठेवतात. एक मोह तोडणे म्हणजे कुणाच्या तरी घरची दरवर्षीची मिळकत तोडणे.

*अंजन:* खानदेशचे खास झाड. आपट्याचे पान एकच, पण मध्ये दुभंगलेले असते. अंजनाची मात्र दोन सुटी पर्णिका देठाशी जोडलेली असतात. शेंग चपटी, पातळ, टोकाला एकच बी.

*पळस:* खोड वेडेवाकडे, कळ्या काळसर मखमली, सालीतून लाल डिंक येतो.

*खैर:* आखूड, वाकडे काटे जोडीजोडीने. साल पट्ट्यांनी सुटते, आतला गाभा तांबडा. काथ याच लाकडापासून काढतात.

*बाभूळ आणि वेडी बाभूळ:* बाभळीची शेंग माळेसारखी, प्रत्येक बीजवळ आवळलेली आणि फूल पिवळे, गोंड्यासारखे. वेडी बाभूळ, म्हणजे गुजरातीतला गांडो बावळ, हिची शेंग तशी आवळलेली नसते आणि फुलांची लांबट शेपटी असते. ती मूळची अमेरिकेतली. सरपण म्हणून ती चांगली जळते, त्यामुळे जिथे ती माजली आहे तिथे देशी झाडांऐवजी आधी तिचा विचार करावा. मात्र जमीनमालकाला विचारूनच.

यांना चुलीजवळ आणू नये

*बिब्बा:* याचा चीक हवा लागताच काळा पडतो. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्बाच वापरत. चीक लागला की कातडीवर फोड येतात, आणि लाकूड जाळले तर धुरानेही त्रास होतो. फळ ओळखायला सोपे: वर केशरी बोंड, खाली काळी बी.

*कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर):* रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या आवारात ही सर्रास लावलेली असतात. सगळे झाड विषारी. पावसाळ्याआधी छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात, त्या सरपणाला उचलू नयेत. मुलांनी त्यांच्या काड्यांवर कणीस किंवा पापड भाजू नये.

*शेर, निवडुंग, रुई:* यांचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. डोळा लगेच भरपूर पाण्याने धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे.

रंग दिलेले फर्निचर, प्लायवूड हेही स्वयंपाकाच्या चुलीत घालू नये.

नावांचा गोंधळ

आपण मराठीत विचारतो आणि उत्तर गुजरातीत मिळते. तिथे घोटाळा होतो. खाखरो म्हणजे पळस, महुडो म्हणजे मोह, शीमळो म्हणजे काटेसावर, भिलामो म्हणजे बिब्बा, सरगवो म्हणजे शेवगा, खीजडो म्हणजे शमी. आंबली म्हणजे चिंच, आवळा नव्हे. ‘सादड’ हे नाव कुठे ऐनाला तर कुठे अर्जुनाला वापरतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये, साल आणि फळ स्वतः पाहावे.

नाव कळले तरी परवानगी

महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, मोह, अंजन, आंबा, जांभूळ, चिंच, हिरडा अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगी लागते. सुरतमध्ये रस्त्यावरचे किंवा आवारातले झाड काढण्याआधी महानगरपालिकेच्या उद्यान विभागात विचारावे. गुजरातने 2023 मध्ये कोनोकार्पस लावण्यावर बंदी घातली. ती लावण्यावर आहे. उभे झाड मनाला येईल तेव्हा तोडावे असा तिचा अर्थ नाही. गावाकडून नवापूरमार्गे लाकूड आणायचे असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी आधीच वन विभागाकडे करावी.

ओळख पटलीच नाही तर

सालीचा, काट्यांचा, फळाचा आणि पूर्ण झाडाचा असे वेगवेगळे फोटो काढावेत. गावातल्या जाणत्या माणसाला, वनरक्षकाला किंवा महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावेत. नवसारी कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, तिथेही विचारता येईल. मोबाइलचे अ‍ॅप अंदाज देते, पण नुसत्या सालीवरून ते पुष्कळदा चुकते.

तेवढ्यानेही नाव कळले नाही तर पाऊस पडेपर्यंत थांबावे. आषाढात पाने येतात आणि झाड स्वतःच आपले नाव सांगते. तोवर चुलीला ओळखीचे, खाली पडलेले वाळके लाकूड पुरते.