विमानतळाची नजर आणि छपरावरचीं यंत्रें

२ ऑगस्ट १९८५ च्या सायंकाळीं अमेरिकेंतील डॅलस-फोर्टवर्थ येथें उतरूं पाहणारें एक प्रवासी विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलें, आणि १३७ माणसें प्राणांस मुकलीं. वादळी मेघांतून हवेचा लोट एकाएकीं खालीं येतो व जमिनीवर आपटून चोहोंकडे पसरतो. त्यांत शिरणाऱ्या विमानाला प्रथम समोरून वारा लागतो व तें वर उचललें जातें. वैमानिक सांवरतो न सांवरतो तोंच वारा पाठीमागून येतो, आणि पंखांचा आधार सुटतो. त्या सायंकाळीं हेंच घडलें होतें.

असे लोट आगाऊ ओळखतां यावेत म्हणून अमेरिकेनें पुढें मोठ्या विमानतळांजवळ ४५ खास रडार यंत्रें उभारलीं. तीं ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत चालतात. पर्जन्यबिंदूंवरून परतणारी त्यांची लहर अतिशय क्षीण असते. तिच्यावरून वाऱ्याचा वेग व दिशा काढावयाची असते. इतक्या नाजूक श्रवणाशेजारीं कोणी मोठ्यानें बोलूं लागल्यास काय होईल, हें सांगावयास नको.

२००३ सालीं जिनिव्हा येथील जागतिक बिनतारी परिषदेनें ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हा भाग संगणकांच्या बिनतारी जाळ्यांना खुला केला. रडारचा पट्टा त्याच्या पोटांतच येत होता. म्हणून अट घालण्यांत आली. यंत्रानें प्रथम एक मिनिट ऐकावें, रडारची चाहूल लागतांच दहा सेकंदांत तो मार्ग सोडावा व अर्धा तास तेथें फिरकूं नये.

अट साधी होती. पण छपरावर वा टेकडीवर यंत्र बसवून गांवोगांव इंटरनेट पोंचविणाऱ्याला ती जाचक वाटे. संपर्क तुटला कीं गिऱ्हाइकाची तक्रार आलीच. कांहींनीं ही श्रवणाची सोय बंद केली. कांहींनीं यंत्राला आपण निराळ्याच देशांत आहों असें सांगितलें, म्हणजे तेथील सैल नियम लागू होत. यांत दुष्ट हेतु नसेलही. पण विमानांतील उतारूंस त्याचें काय?

२००९ सालीं पोर्तो रिको बेटावरील सान हुआन येथें रडारच्या पडद्यावर पाऊस नसतांना केंद्रापासून कडेपर्यंत पसरलेले पट्टे दिसूं लागले. ज्या दिशेला पट्टा, त्या दिशेला उपद्रवाचें मूळ. त्या धाग्यानें निघालेले सरकारी अभियंते थेट उंच जागीं बसविलेल्या बिनतारी यंत्रांपाशीं पोंचले. कित्येक यंत्रांची मांडणी बदललेली होती; कांहीं यंत्रें मात्र नियमांत बसूनही रडारची चाहूल ओळखूं शकत नव्हतीं, आणि हा दोष मालकाचा नव्हे, चांचणीच्या पद्धतीचा होता.

दंड होऊं लागले. रडारपासून ३५ किलोमीटरांच्या आंत असणाऱ्यांनीं त्याच्या पट्ट्यापासून निदान ३० मेगाहर्ट्झ दूर राहावें, असा सल्ला देण्यांत आला. २०१४ सालीं नियम बदलले आणि यंत्रांतील व्यवस्था कोणास फिरवितां येणार नाहीं अशी बंदिस्त करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. हें आधींच व्हावयास हवें होतें. तरीही २०२० सालीं त्याच सान हुआनच्या रडारला उपद्रव दिल्याच्या आरोपावरून तीन पुरवठादारांवर प्रत्येकीं २५,००० डॉलर दंडाचा प्रस्ताव निघाला.