स्लेज किती जुनी? लाकडाचे वय आणि वस्तूचे वय

१/ सैबेरियाच्या उत्तरेस, आर्क्टिक महासागरात, ७६ अंश उत्तर अक्षांशावर झोखोव्ह नावाचे लहानसे बेट आहे. १९८९ पासून रशियन पुरातत्त्वज्ञ व्लादिमीर पिटुल्को यांनी तेथे केलेल्या उत्खननांत शिकाऱ्यांची वस्ती, कुत्र्यांची हाडे आणि लाकडी स्लेजचे अवशेष मिळाले. वस्तीचे वय सुमारे ९,००० वर्षे ठरले. हा आकडा आला कसा?

२/ तेथील जमीन बारमाही गोठलेली असल्याने लाकूड कुजले नाही. लाकूड टिकले, म्हणजे त्यातला कार्बनही टिकला.

३/ सजीव जिवंत असेतो हवेतून व अन्नातून कार्बन-१४ घेत राहतो. मृत्यूनंतर ही भर थांबते आणि असलेला साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेला अंश मोजून मृत्यूचा काळ काढण्याची ही पद्धत विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. त्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल मिळाले.

४/ खरी मेख पुढेच आहे. ही पद्धत लाकडाचे वय सांगते, स्लेजचे नव्हे. झाडाचे प्रत्येक वलय ज्या वर्षी वाढले, त्या वर्षाचा कार्बन जपते. तीनशे वर्षे जगलेल्या झाडाचा गाभा त्याच्या सालीलगतच्या वलयाहून तीनशे वर्षांनी जुना निघतो. सुताराने बाहेरचा थर तासून टाकला की नेमका जुना भागच हाती उरतो.

५/ वृक्षहीन आर्क्टिक किनाऱ्यावर तर लाकूड नद्यांतून येते. सैबेरियातील अरण्यांतले ओंडके समुद्रात जातात, बर्फात अडकून वाहतात आणि दूरच्या किनाऱ्यावर लागतात. थंडीमुळे ते तेथे शतकानुशतके पडून राहू शकतात. झाड पडले केव्हा आणि माणसाने ते उचलले केव्हा, यांत मोठे अंतर असू शकते.

६/ मग हाडे तपासावीत? तेथेही सावधगिरी हवी. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो. म्हणून सील, आणि सील खाणारे ध्रुवीय अस्वल, यांची हाडे प्रत्यक्षाहून शेकडो वर्षे जुनी भासतात. झोखोव्हचे शिकारी अस्वलेही मारत आणि रेनडिअरही. रेनडिअर जमिनीवर चरतो. त्याचे हाड शिकारीच्या काळाचा अधिक विश्वासू साक्षीदार ठरते.

७/ आणखी एक अडचण आहे. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. वृक्षवलयांच्या आधारे दुरुस्ती केल्यावर साधारण ८,००० ‘रेडिओकार्बन वर्षां’ची सुमारे ९,००० सौरवर्षे होतात. म्हणून एकाच वस्तीसाठी दोन आकडे वाचायला मिळतात. दोन्ही बरोबर आहेत. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

८/ या काटेकोरपणावर बरेच काही अवलंबून आहे. झोखोव्हवर सापडलेला ऑब्सिडियन हा काचेसारखा ज्वालामुखीय दगड सुमारे १,५०० किलोमीटरवरील चुकोत्कातून आला होता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तेथील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचे आजच्या ग्रीनलंडमधील स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांशी जवळचे नाते दिसले.

९/ लाकूड, हाड, दगड आणि जनुके यांच्या साक्षी जुळतात, तेव्हाच चाकाचा शोध लागण्यापूर्वी हजारो वर्षे माणूस कुत्र्यांच्या बळावर बर्फ ओलांडत होता, असे म्हणता येते. म्हणून कोणतीही प्राचीन तारीख वाचताना पहिला प्रश्न असावा: हे वय नेमके कशाचे?