उधळलेली तूर

बदनापूरजवळच्या आमच्या कोरडवाहू रानात फुलोऱ्यात आलेली तूर एकाएकी वाळू लागली की दादाजान म्हणायचे, "तूर उधळली." घोडा उधळतो, गुलाल उधळतात, बापाचा पैसाही उधळतात, झाड कसं उधळतं, हे मला त्या वयात कळायचं नाही. जमिनीत ओल असायची, तरी झाड मान टाकायचं. दादाजान घागरीनं पाणी आणून बुडाशी ओतायचे. "नजर लगी," दादी म्हणायची. नजर कुणाची, तर बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याची. त्या घराशी आमचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं.

खरा गुन्हेगार दादाजानच्या जन्माआधीच सापडला होता. बिहारमधल्या पुसा इथं काम करणाऱ्या एडविन बटलर यांनी १९१० मध्ये या बुरशीला नाव दिलं, फ्युजेरियम उडम. ती जुन्या धसकटांवर जमिनीत वर्षानुवर्षं तग धरते, मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढते. झाडही गप्प बसत नाही. तिला अडवायला ते त्याच नळ्यांत डिंकासारखे बोळे भरतं. बुरशीची वाट अडते, पाण्याचीही अडते. साल सोलली की काळ्या रेघा दिसतात, त्या या झटापटीच्या. दादाजानचं पाणी मुळाशी पोचत होतं, वर जायला रस्ताच नव्हता.

अशा बुरशा बारीक प्रथिनं सोडून झाडाचा पहारा झोपवतात. झाडाला त्यातलं एखादं ओळखता आलं, तर बचाव वेळेत उभा राहतो. अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर हेच दाखवलं: झाडाच्या एका जनुकासमोर बुरशीचं एक जनुक. बुरशीनं आपलं जनुक बदललं की ओळख पुसली. तुरीच्या मर रोगाचेही वेगवेगळे प्रकार आहेत. एका भागात टिकलेलं वाण दुसऱ्या भागात मरू शकतं.

आमच्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं बीएसएमआर ७३६ हे वाण दिलं. मर आणि वांझ, दोन्ही रोगांना ते तोंड देतं. अब्बांनी तेच लावलं. दादाजान पूर्वी ज्वारीत तुरीच्या ओळी घेत, तेव्हा मर कमी असे. ज्वारीच्या सोबतीनं मर घटते, हे पुढं प्रयोगांतही दिसलं. आम्ही मात्र ज्वारी सोडली आणि त्याच रानात सलग तूर घेत राहिलो.

दादी गेल्यावर एकदा अब्बा सहज बोलून गेले: त्या वर्षी शेजाऱ्याचीही तूर उधळली होती. आमच्यापेक्षा जास्त.